दोमेनिकाची बादली

शुक्रवार, ३ मार्च १८७६
आलो एकदाचा! इटलीच्या किनाऱ्यावरच्या तोर्रेस्कुरा गावी, इंग्रजी वकिलातीत मी, सावेरियो, आजपासून लेखनिक. खोलीला खिडकी, खिडकीत समुद्र. आम्हा डोंगरातल्यांना त्याचं भारी अप्रूप. स्वयंपाकीण निनेत्तानं बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट सूप वाढलं. "पोरा, हाडं मोजता येतायत तुझी, खा मुकाट्यानं!" दोन वर्षं टिकलो तर बहिणीचं लग्न नक्की होईल.

सोमवार, ६ मार्च
आमचे इंग्रज साहेब इथल्या गरिबीवर, करांवर लंडनला अहवाल लिहितात. मी तो सुवाच्य उतरवतो, मग त्यावर ओला पातळ कागद ठेवून दाबयंत्र पिळतो. कागदावर शाई उठते, ती आमची नक्कल.
आज मिठावरचा कर. सरकारी मीठ परवडत नाही म्हणून लोक समुद्राचं पाणी आटवतात, आणि तोही गुन्हा. विधवा दोमेनिका स्कालो एक बादली पाणी नेत होती. शिपाई मागे लागले, ती खडकावरून पडली, बुडाली. साहेबांनी मलाच विचारलं, तू इथला, तिच्या मरणाचं हे वाक्य अहवालात ठेवू का? जिल्हाधिकारी चिडतील. आधीच्या लेखनिकाची नोकरी त्यांच्याच तक्रारीनं गेली होती.
मी म्हणालो, काढा.

गुरुवार, ९ मार्च
अहवालाच्या पत्रात ते वाक्य नाही. नकलेत आहे. अक्षर माझंच.
नक्कल फाडून दुसरी काढली. तेच. कागद भिजवायचं पाणी चाखलं तर खारट. निनेत्ता उखडली, "विहिरीचंय ते! समुद्राचं आणून मला तुरुंगात धाडतोस का मेल्या?"

मंगळवार, १४ मार्च
खोलीच्या दाराशी लाकडी बादली. भरलेली. ओतून आलो. जेवून येतो तर पुन्हा भरलेली. निनेत्ता बादलीच्या आरपार चालत गेली, तिला काहीच दिसलं नाही. मला फार भीती वाटतेय. साहेबांना सांगून वाक्य परत घालावं — पण बहिणीचं लग्न —

शुक्रवार, १७ मार्च
दुपारी टपालाची बोट. सकाळी शेवटची नक्कल काढली. वाक्य वाढलंय. 'आणि सतरा मार्चला, तिच्याच बादलीपाशी, लेखनिक सावेरियो.'
आज सतरा.

बारा वाजले
जाऊ दे नोकरी. पत्रात तिचं नाव घालतोय — उमटत नाही — दौतीत नुसतं पाणी. साहेब समोर बसलेत, हाका मारतोय, मान वर करत नाहीत —

पाणी गुडघ्याला — पेन्सिलीनं इथंच लिहितो — काढा असं मीच म्हणालो, मीच — तिचं नाव दोमेनि