बायकांची होडी

आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. शर्यतीत बायकांच्या होडीला नगरपालिकेनं नकार दिला, असं मी लिहिलं होतं. पण सगळे विरोधात बोलत असताना मी चहा सांगायला सभेतून बाहेर पडले आणि तेवढ्यात ठराव मंजूर झाला!

बंदरावर नुसता जल्लोष आहे. होडीत एक बाई कमी पडली, तशी मासळीवाली मावशी थेट नगरपालिकेच्या ऑफिसात आली. "कारकूनबाई, खुर्ची किती दिवस वल्हवणार? चल आमच्यात!" मी घाबरत हो म्हटलं.

तू घरी अक्षरं गिरवून घ्यायचीस, तशीच ती वल्हं मारायला शिकवते. चुकले की तुझ्यासारखीच हसते. लाइफ जॅकेट मी दोनदा तपासलंय. बाबांचा खोकला थांबला का? त्यांना एवढंच सांग, की मी पोहायला शिकतेय.

रविवारी, चौदा तारखेला सकाळी होडीत बसणारी,
तुझी धाकटी