रुआबांध्याची पहिली बस

रविवार, संध्याकाळ

हरलो. बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो, पण शेवटी शेवटी गोल खाल्ला अन् आमची सेक्टर 2 ची टीम ए डिव्हिजनमधून बी मधी उतरली. गोलकीपर मीच. बॉल बोटाले लागला होता... जाऊ दे.

मले बाबाच्या चुन्याचं लागून राहिलं. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून मॅचच्या सकाळी आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा बाबाच मारते. ए मधल्या टीमा आपापल्या मैदानावर खेळते; बी च्या साऱ्या मॅची तिकडं दूर रुआबांध्याच्या मैदानावर. म्हणजे पुढच्या साली आमच्या मैदानावर रेघच नाही. हे बाबाले कसं सांगू?

घरी आल्यावर त्यायनं उरलेला चुना प्लास्टिकमधी घट्ट बांधून बाल्कनीत ठेवला.

"कावून बांधून राहिले, बाबा?"

"ओल लागते ना त्याले."

मंग चहा पिता पिता म्हणे, "रुआबांध्याले सकाळची पहिली बस किती वाजता असते रे?"

म्हणजे माहीत होतं त्यायले.

तिथं रेघा मारायले रुआबांध्यावाल्यायचा आपला माणूस आहे. सांगायचं होतं. पण बाबाच्या नखात चुना तसाच होता, पांढरा.

"पाहून सांगतो," म्हटलं.