सर्वपित्रीचं लग्न

नौपाडा, ठाणे
१९५६

त्र्यंबककाका,

तिकडे नाशिकला बदलीवर मजेत बसलात, इथे मी फसलो असतो. रिटायर होताना लग्नाला वर्ष झालेलं असेल तरच नवऱ्यामागे बायकोला पेन्शन, हा तुमच्या कंपनीचा नियम. तुमचं लग्न आम्हाला कळलं यंदा दिवाळीत. ऑफिसात मात्र तुम्ही गेल्या वर्षीची तारीख दिलीत, तीही सर्वपित्री अमावास्या! मला वाटलं, तारीख खोटी, नव्या काकीचाच डोळा पेन्शनवर.

आज कंपनीचा माणूस चौकशीला आलेला. म्हणाला, "पितृपक्षात कोण लग्न लावतं रे?"

मी थाप ठोकली. "विधवेचं लग्न लावायला कोण येतो, साहेब? एक भटजी कसाबसा तयार झाला. म्हणाला, त्या दिवशी सगळे श्राद्धात असतात, कोणी बघणार नाही."

तो कागदावर सही करून गेला.

आतून काकी आली. हातातला कप तिने खाली ठेवला.

"तुला ह्यांनी सांगितलं?"

म्हणजे खरंच? वर्षभर आम्हालाच घाबरलात?

हे पत्र टाकत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

तुमचा वात्रट पुतण्या,
सुधीर