तारनाक्याच्या व्हरांड्यातली भिंत

आई, तारनाक्याच्या घरमालकावर मला आठवडाभर संशय होता. आता तो तुझ्यावर आलाय, म्हणून लिहायला बसले. माझी मराठी तू स्वयंपाकघरात शिकवलेली, इथे सिकंदराबादेत शाळेत कुठे होती, तेव्हा अक्षर बघून कपाळाला हात लावू नकोस. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होते. आता तुझ्याच विमान कंपनीत आहे. दहावी दुसऱ्या फेरीत निघाली, कॉलेज अर्ध्यात सुटलं, तरी घेतलं त्यांनी, सध्या तात्पुरतं. बाबा सगळ्यांना सांगतात, "पोरगी एअरलाइनमध्ये आहे," आणि मावशी लगेच विचारते, लिपस्टिक कुठली लावावी लागते गं? काय सांगू तिला? मी कंपनीने भाड्याने घेतलेल्या जागांचे नळ तपासते. तुझंच काम. विमानात तूही कधी बसली नाहीस, मीही नाही.

तुझे रविवार आठवतात मला. बाबांना झोपू द्यायचं म्हणून तू मला बरोबर न्यायचीस. कंपनीसाठी नवी जागा बघायची असली की मालक बडबडत पुढे, तू गप्प मागे. नाण्याने फरशी ठोकतेस, सगळे नळ एकदम सोडायला मला पिटाळतेस, आणि मालकाने बिस्किटं मागवली की माझ्या कानात म्हणतेस, "छत बघ. गळत असणार." एकदा मी स्विचबोर्डावर रबरी पाल ठेवली. मालक किंचाळून खुर्चीवर चढला. तू ढिम्म. "इतके घाबरलात? वायरिंग उघडं आहे वाटतं," म्हणालीस. घरी आल्यावर माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि मग ओट्याला टेकून, तुझा तो बिनसाखरेचा चहा पीत, खोकला लागेपर्यंत हसलीस. तेव्हाच तू मला तुझी युक्ती सांगितलीस. मालकाला प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न आला की माणूस सावध होतो. त्याच्यासमोर चुकीचं बोलायचं, अगदी ठासून. उत्तर द्यायचं तो टाळेल, पण चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवणार नाही.

तर तारनाका. क्रू मुक्कामाला असतो ते घर, वरचा मजला, तूच घेतलेला. कंपनी आता ते सोडतेय. नियम तुला माहीत आहे, जागा जशी घेतली तशी परत द्यायची. करारात मागच्या बाजूला उघडा व्हरांडा लिहिलाय. तिथे जाऊन बघते तर भिंत, दार, एवढीशी खिडकी आणि आत नवारीची खाट. सिकंदराबादच्या ऑफिसातले लीगलचे सर, पुण्याचे आहेत, फोनवर म्हणाले, "भिंत कुणी बांधली ते मालकाकडून लिहून घे. आपण बांधली असेल तर पाडून द्यावी लागेल, वर तो केस टाकेल. त्याने बांधली असेल तर सुटलो. तुझी नोकरी पक्की होणं यावर आहे, कळलं? आणि माझ्या खुर्चीच्या गादीखाली पिपाणी कुणी ठेवली, तेही मला कळलंय."

मालक म्हणजे युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेले म्हातारे. मी तुझी मुलगी, हे त्यांना आल्याआल्याच सांगितलं. मी सरळ विचारलं, "अंकल, ये दीवार किन्ने बनाया?" तर म्हणे, "पुरानी बात है अम्मा, छोड़ो. चाय पीओ." पाडून देऊ का? "नक्को, नक्को." काही नुकसान लावणार? "कायका नुकसान?" आणि वर उस्मानिया बिस्किटं! आई, मी छत बघितलं. कोरडं ठणठणीत. मग तर संशय जास्तच आला. घरमालक, आणि तक्रार नाही? वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, ती खोली साहेब कुणाला देत नाहीत, स्वतः झाडतात. मला वाटलं, म्हाताऱ्याने कंपनीच्या जागेत कुणीतरी भाडेकरू घुसवला होता. आणि खरं सांगू? तू पण त्यात असशील, असंही मनात आलं. दर महिन्याला तपासणीला जायचीस तू तिथे. अख्खी भिंत उभी राहिली आणि ती दिसली नाही? तुला?

म्हणून काल तुझीच युक्ती काढली. बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "अंकल, हमारे साब बोल रहे, ये कमरा मेरी मम्मी ने बनवाया. चोरी से भाड़े पे देने को." साहेब बिचारे असं काही बोललेच नव्हते. म्हाताऱ्याचा कप बशीवर आपटला. "भाड़े पे? तेरी मम्मी? किन्ने बोला वो? बुला उसकू!" मग एकदम आवाज खाली आला. "मैं बनाया. मेरी ईंटां, मेरा मिस्त्री. जीना चढ़ को आती तो सांस फूल जाती उसकी. दिल का था, डॉक्टर बोल दिया था. मैं बोला, क्रू का पलंग खाली है, लेट जाओ. बोली, वो कंपनी का है, मैं कैसे लेटूँ? तो मैं वरांडा बंद कर दिया. दोपहर में थोड़ा सोती, उठ को चाय पीती, इत्ती शक्कर के चम्मच खड़ा रह जाए. फिर घर जाती. मेरेसे कसम ली, किसीकू नक्को बोलना. अब तू पूछी किन्ने बनाया. मैं बोलता, मैं. फिर तू पूछती, कायकू. तो?"

मी बिस्किट कपात बुडू दिलं.

तू गेलीस तेव्हा सगळे म्हणत होते, अचानक गेली. बाबा अजून म्हणतात, "सकाळी हसत होती गं." अचानक काही नव्हतं. तारनाक्याच्या एका परक्या म्हाताऱ्याला ते माहीत होतं आणि आपल्या घरात कुणाला नाही. मी विचारायचे तुला. "आई, दम लागतोय?" तू म्हणायचीस, "जिने चढून आले ना." "आई, उशीर का?" "मीटिंग होती." मी प्रश्न विचारत राहिले, तिथेच चुकलं. ठासून म्हणायला हवं होतं, आई, तू अगदी ठणठणीत आहेस, तुला शंभर वर्षं काही होत नाही. कदाचित तू दुरुस्त केलं असतंस.

मालकांनी लिहून दिलं, भिंत माझी. कायकू, ते सरांनी विचारलं नाही. त्यांची केस टळली, ते खूश, बहुतेक पिपाणीही माफ. बाबांना मी अजून काही बोलले नाही. उद्या त्यांच्यासमोर काहीतरी चुकीचं बोलून बघणार आहे. मला संशय आहे, त्यांनाही माहीत असेल.

हे पत्र त्या खाटेच्या नवारीत खोचून यायचं होतं. पण आज किल्ल्या परत दिल्या, त्या खोलीत पाऊल टाकायचा आता कंपनीलाही हक्क नाही, मलाही नाही. तेव्हा राहील माझ्याच पर्समध्ये. आणि एक. वर मी लिहिलंय, तू बिनसाखरेचा चहा प्यायचीस. साखर किती घालायचीस, माहीत आहे गं मला. मुद्दाम चुकीचं लिहिलंय.