समईजवळचा डब्बा

जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ. सेक्टर १०

बाबांची बोटं अजून थंडच आहेत. काय करू, मले समजूनच नाही राहिलं.

हीटरचा जुना थर्मोस्टॅट अन् टायमर बिघडला म्हणून काल नवा बिनतारी लावला. खोलीतली थंडी मोजणारा एक पांढरा डब्बा असतो, तो कुठेही ठेवा, हीटरला आपोआप चालू-बंद करतो. तरी आज दिवसभर हीटर बंद! दुपारी बाबा म्हणाले, "थंडी वाजून राहिली गं." मी जाऊन डब्बा पाहिला. सत्तावीस. "सत्तावीस दाखवून राहिला बाबा, थंडी कुठून वाजणार?" "बरं" म्हणून त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. जन्मभर प्लांटमध्ये भट्टीचे मीटर वाचले त्यांनी. मीटरपुढे स्वतःचं अंगही खोटं वाटतं त्यांना.

आत्ता समईत तेल घालायला गेले अन् डब्ब्याला हात लागला, तर तो गरम! नवी वस्तू म्हणून काल डब्ब्याला हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवला होता, तो तिथेच राहिला. बाबांच्या दुखण्यासाठी अखंड लावलेल्या समईला अगदी चिकटून! ते सत्तावीस समईचे होते. अन् मी ते बाबांना ऐकवले. कावून एकदाही त्यांचा हात धरून पाहिला नाही मी?

डब्बा त्यांच्या उशाशी ठेवला. आकडा पंधरावर आला, हीटर लागला. त्यांची बोटं चोळत विचारलं, "बाबा, अजून थंडी वाजते का?"

"पाह्य बरं, डब्बा काय म्हणते?"