डावा खांदा

शनिवार, १४ मार्च, सकाळ

ताईस नमस्कार,

इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, मोठ्या काचांचं दुकान आहे तुझं. तुझी चिठ्ठी मिळाली. आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही दोन ओळींपुरतं. ‘नमुने पोचले. कागद नवे कोरे कसे? आणि काजवाल्या बाई म्हणतात तू बोका पाळला आहेस, खरं का?’ कशी आहेस वगैरे विचारायला कागद पुरला नसेल.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून बोक्यापासून सुरुवात करते.

महिना झाला त्याला आणून. जनावरांच्या डॉक्टरांकडे कोणीतरी सोडून गेलं होतं. करड्या रंगाचा, एक कान अर्धा, अंगाने चांगला दणदणीत. आला तो सरळ तुझ्या कापायच्या टेबलावर जाऊन पसरला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की अजून पाणीसुद्धा कसं विचारलं नाही. म्हणून नाव ठेवलं जावई. पहिला आठवडा अगदी शहाण्यासारखा वागला. त्याच्या शी-शूसाठी लिटरचा ट्रे मशीनच्या मागे ठेवला होता, त्यातच जायचा, वर पंजाने झाकूनही ठेवायचा.

मग एक दिवस अस्तराच्या गठ्ठ्यावर मुतला. दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर. मी ट्रे घासला, जागा बदलली, लिटर बदललं, ओरडले. काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी तो मांडणीच्या खालच्या कप्प्यात शिरला, जिथे तुझे कागद होते. वीस वर्षांचे तुझे नमुने, खाकी कागदाच्या सुरळ्या, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. बाहेर आला तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा कोट मुंढ्यापासून कमरेपर्यंत ओला.

खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसले. जावयाला उचलून डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, शहाणा माझा, तुला बरोबर कळतं कोणाचं काय आहे ते.

त्यानंतर मीच एकेक सुरळी उलगडून त्याच्यासाठी जमिनीवर अंथरायला लागले. सोमवारी बँकेतले साहेब. मंगळवारी दातांचे डॉक्टर. मग हॉटेलचे गणवेश: दरवान, मॅनेजर, स्वागतकक्षातल्या दोघी. हो, तेच हॉटेल. ते काम आपण दोघींनी मिळून मिळवलं होतं आणि जाताना तू ते एकटीच्या नावावर करून घेतलंस. दरवानाच्या पाठीवर तो दोनदा बसला. मी बाजूला चहा घेत बघत होते. मनातली इतक्या वर्षांची जळजळ जावई माझ्या वतीने बाहेर काढतोय असंच वाटत होतं.

डॉक्टरांनी बोका देतानाच एक गोष्ट बजावली होती. ‘बाई, बोका ट्रे सोडून भलतीकडे जायला लागला तर त्याच दिवशी घेऊन या. हट्ट समजू नका.’ मी ऐकलं होतं. विसरले नव्हते. पण नेलं असतं तर त्याचं थांबलं असतं, आणि मला ते थांबायला नको होतं.

बारा दिवस, ताई.

मग तुझा निरोप आला की हॉटेलचे नमुने हवेत, येत्या सोमवारी कापड कापायला घेणार. मी या मंगळवारी दिवसभर बसून वाळलेल्या कागदांवरून नवे उतरवून काढले, बुधवारी काजवाल्या बाई तुझ्याकडे काजं करायला निघाल्या होत्या, त्यांच्या हातात दिले. त्या म्हणाल्या, धाकटीने एवढं मनावर घेतलं, बरं झालं. मी म्हटलं, शेवटी बहीण आहे. कागद नवे का, हे कळलं आता.

गुरुवारी सकाळी जावई जमिनीवर बसून नुसता कुंथत होता. काही येत नव्हतं. दोन थेंब आले ते गुलाबी. पोटाला हात लावला तर ओरडला. तसाच कापडात गुंडाळून धावत नेला. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस असं चाललंय? मी म्हटलं, कालपासून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोक्याला टेबलावर घेतलं. लघवीत खडे झाले होते, वाट पूर्ण बंद. नळी घालून मोकळी केली. म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर बोका गेला असता. ट्रेमध्ये बसलं की दुखायचं म्हणून तो ट्रेला घाबरायचा. दुखणार नाही अशी जागा शोधत होता बिचारा, कागद काय, गादी काय.

म्हणजे तो माझ्या बाजूने नव्हताच. त्याला दुखत होतं आणि मी चहा पीत होते.

आता बरा आहे, उद्या घरी येईल. डॉक्टरांनी सांगितलं की वासाची प्रत्येक वस्तू फेकून द्या, नाहीतर तो परत तिथेच जाईल. म्हणून काल सगळे कागद गोळा केले. मशीनच्या मागे एक बारीक सुरळी होती. नाव नाही, म्हणून रद्दी समजून पहिल्याच आठवड्यात ट्रेखाली घातली होती. फेकण्याआधी उलगडली. खुणा तुझ्याच.

आपल्या दुकानाचा नियम तुला सांगायला नको. गिऱ्हाइकाच्या शरीरातली खोट शब्दांत लिहायची नाही. पाठीला बाक असेल तर तीन ठिपके, पोट सुटलं असेल तर गोल, खांदा उतरला असेल तर त्रिकोण. गिऱ्हाइकाला कळता कामा नये आणि कपडा सरळ बसला पाहिजे. या कागदावर डाव्या खांद्यावर त्रिकोण होता. डाव्या छातीवर काहीच नाही, नुसती रिकामी चौकट, तिच्यात बारीक अक्षरात ‘भरावाला कॅनव्हास तीन थर, मऊ’. छातीची चूण, टक्स, दोन बोटं सरकवलेला. कोपऱ्यात तारीख. माझ्या ऑपरेशननंतर बरोबर एकवीस दिवसांची.

तेव्हा माझा हात वर होत नव्हता. तू सहा शर्ट शिवून खुंटीला टांगलेस आणि म्हणालीस, जुनेच आहेत, जरा आटवून दिलेत. मी घातले, आरशात पाहिलं, सगळं पहिल्यासारखं. मी डॉक्टरीणबाईंचं कौतुक करत फिरले, की काढलेलं कळतसुद्धा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवून बघितल्या, स्वतःचा शर्ट दोन वर्षांत एकदाही उलटा करून पाहिला नाही. काल उसवला. तीन थर आहेत. मऊ आहेत.

आणि भांडणात मी तुला काय म्हणाले ते तुझ्याही लक्षात असेल. वीस वर्षांत माझ्यासाठी काय केलंस, नुसते कागद कापलेस. तू कात्री उचललीस आणि गेलीस. कागद इथेच टाकून गेलीस ते त्या बोलण्यामुळेच, हे मला काल कळलं.

पण हेही ऐकून घे. याचा मला रागच आला आहे. सांगितलं का नाहीस? एकदा तोंडावर फेकून मारायचंस. मी आठ महिने तुझा मनसोक्त राग केला, तो तरी नीट झाला असता. आता तोही धड राहिला नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. नवे उतरवलेले हॉटेलचे नमुने चुकीचे आहेत. चुकून नाही. प्रत्येक कोटाचा डावा खांदा मी अर्धा इंच खाली घेतला आहे. दरवानाचा, मॅनेजरचा, त्या दोघींचा. कागदावर कळत नाही, अंगावर चढल्यावर कळतं. सोमवारी तू कापशील, पंधरा दिवसांनी सगळे गणवेश डावीकडे झुकतील आणि हॉटेलवाले तुला दारातून परत पाठवतील, असा माझा बेत होता. मंगळवारी पट्टी धरून मी एकेक रेघ दोनदा मापून ओढली. दोन्ही खांदे सरळ असलेल्या माणसांचे खांदे मी उतरवत होते आणि माझ्या अंगात तुझा शर्ट होता.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मुद्दाम नाही लिहिलं. एवढं सगळं वाचल्याशिवाय तुला ते मिळू नये असं वाटलं. तेवढा सूड माझ्याकडे राहू दे.

खरी मापं माझ्याकडे आहेत, त्या वाळलेल्या कागदांवरून वहीत उतरवून घेतली होती. ती मी पाठवणार नाही. हवी असतील तर स्वतः ये, काजवाल्या बाईंना पाठवू नकोस. माझा नमुना मात्र परत मिळणार नाही. धुता येत नाही, वास जात नाही, तरी मी तो खिडकीत वाळत घातला आहे. जावयाला तिथे उडी मारता येत नाही.

उद्या तुझं दुकान बंद असतं, म्हणून ही चिठ्ठी आजच बाईंकडे देते. कापड पसरलं असलंस तर गुंडाळून ठेव. कात्री लावू नकोस.

तुझ्या मापाचे शर्ट घालून तुझं वाईट चिंतणारी,
चिंगी