कालच दिलेली खोली

काका,

नमस्कार मुद्दामच गाळलाय. हे पत्र टाकणारही नाही; तिकीट वाया घालवावं इतकी तुमची लायकी नाही.

परवा तुमची वरची खोली बघायला चित्रकलेचे एक शिक्षक आले होते. आडनाव ऐकताच तुम्ही म्हणालात, "अरेरे, कालच दिली हो." तो माझा नवरा. आमच्या लग्नाला तुम्ही फिरकला नाहीत, मग चेहरा कुठून ओळखणार?

घरी येऊन तो म्हणाला, "म्हातारा भला वाटला गं, पाणी विचारलं."

पत्ता ऐकून मी मैत्रिणीला फोन करायला लावला. तिचं आडनाव तुम्हाला चाललं. खोली लगेच रिकामी झाली.

नवऱ्याला मी काहीच सांगितलं नाही. तुमची अब्रू गेली खड्ड्यात. पण तुम्ही माझे सख्खे काका, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

तुमच्या लेखी नसलेली,
पुतणी